कमलचा सा

११ नोव्हेंबर १९३८, शुक्र. चिखली

व्हायोलिनच्या तारांवरचा कापूस आज तिसऱ्यांदा पुसला. वर्गाला खोली मिळाली ती नेमकी जिनिंगच्या मागची. इंजिन दिवसभर घुमतं, दारातून रुई उडत येते, आणि मी मुलांना म्हणतो, बारीक ऐका. काय ऐकणार, कपाळ.

नागपूरहून दादासाहेबांचं पत्र. वाद्यवृंद त्यांचा, त्यामुळे पत्रातही छडी हातात धरूनच बोलतात. 'वाजवायला कोणीही शिकवील. तुम्हाला तिकडे पाठवलं ते मुलांकडून नव्या चाली बांधून घ्यायला. निवडलेली एक चाल नाताळच्या जलशात आपला वृंद वाजवील आणि ती बांधणाऱ्याला दोन वर्षं आपल्याकडे शिकायची जागा मिळेल. चाली महिनाअखेर टपालात पडाव्यात.'

महिनाअखेर! जुलैपासून शिकवतोय. मुलं तीन. पुरी झालेली चाल एकही नाही.

१३ नोव्हें., रवि.

तिघांचं कुठवर आलं ते एकदा लिहून काढतो, म्हणजे मलाच कळेल.

दिगंबर. अडत्याचा मुलगा, सोळा वर्षांचा. बुलढाण्याला पोलिसांचा बँड ऐकून आल्यापासून जे बांधतो त्यावर कवायत करता येते. काल म्हटलं, एखादी करुण चाल बांध बाबा. बांधली. तिच्यावरही कवायत होते, जरा सावकाश.

नामदेव. जानेफळचा, सतरा. घरी शेती, इथे मामाकडे राहून शाळा करतो. बासरी गोड वाजवतो, पण एकदा वाजवलेलं दुसऱ्यांदा तसंच वाजेल तर शपथ. म्हटलं, लक्षात राहत नाही का रे? "राह्यते ना मास्तर जी. पण कालचंच आज काऊन वाजवाचं?" मलाच प्रश्न पडला.

कमल. पंधरा. वडील वासुदेवराव कचेरीत कारकून. आई नाही, आत्या सांभाळते. एक नाटक कंपनी इथे येऊन मोडली, तिची बाजाची पेटी वासुदेवरावांनी घरी आणली, आणि ही पोर आपली आपण त्यावर बोटं फिरवत शिकली. वर्गात मी तंबोरा छेडायला लागलो की हिचे हात थांबतात. भित्री आहे.

१८ नोव्हें., शुक्र.

कमल वर्गात वाजवत नाही म्हणून तिच्या घरी गेलो. आत्याबाईंनी चहा दिला आणि चहाबरोबर ऐकवलंही, "पोट्टीच्या जातीले हे कशाले लागते हो मास्तर?" वासुदेवराव घरी नव्हते. क. पेटीवर बसली. तंबोरा नाही, ठेका नाही. काळ्या पट्ट्यांना हात लावला नाही, सगळं पांढऱ्यांवर. शिकवणाराच नसला की असंच होतं.

पण चाल.

दोनदा लिहून खोडलं. ती खालून चढत जाते, एका जागी थांबते, फारच थांबते, पुन्हा निघते, पुन्हा थांबते, आणि शेवटी पहिल्या पांढरीवर येऊन हातातलं सोडून द्यावं तशी संपते. माझ्या अंगावर काटा आला. आत्याबाई मागे तांदूळ निवडत होत्या, त्यांचंही सूप थांबलं होतं.

अठरा वर्षं वृंदात काढली. स्वतःच्या चाली किती बांधल्या आणि दादासाहेबांपुढे ठेवल्या. "बघू" म्हणून पेटाऱ्यात गेल्या. असं एकदाही सुचलं नाही मला. दुसऱ्या कोणापाशी बोलणार नाही, इथे लिहून ठेवतो.

२० नोव्हें., रवि.

क.ची चाल कागदावर उतरवायला घेतली. नागपूरला स्वरलिपी लागते, ती हिला येत नाही, म्हणजे लिहायचं मीच. शेवट पांढरी एकवर, स्वर सगळे पांढऱ्या पट्ट्यांचे, म्हणजे सा पांढरी एकचा आणि बाकी सगळे शुद्ध. सोपं काम. तरी विचारलं, "कमल, तुझा सा हाच ना?"

पट्ट्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी म्हणसान थो, मास्तर."

गुणी मुलगी. वाद घालत नाही.

२३ नोव्हें., बुध.

दुरुस्त्या. हिची एक खोड आहे: ग वर फार रेंगाळते. प्रत्येक ओळीत. अरे, ग हा वाटेतला स्वर, तिथे बिऱ्हाड थाटून कसं चालेल? चार ठिकाणचे मुक्काम काढून टाकले. शेवटाला सा वर येऊन नीट टेकेल अशी एक तान घातली. छोटीशीच. आता चालीला वळण आलं, वीस वाद्यांवर शोभेल.

वर्गात तंबोरा पांढरी एकला लावून व्हायोलिनवर वाजवून दाखवली. दिगंबर 'वा' म्हणाला. क.ने शेवटपर्यंत ऐकली. "चांगली हाये," म्हणाली आणि डोळे पुसले. हरखली असणार.

नंतर दिवसभर तीच वाजवत बसलो. खानावळीत पोचेपर्यंत ठेचा संपला होता, तरी कोणावर ओरडलो नाही. खानावळवाला घाबरून विचारतो, मास्तर, बरं आहे ना?

२६ नोव्हें., शनि.

नामदेवने डोकं फिरवलं. वर्गात सगळ्यांसमोर, "मास्तर जी, थे चाल कमलची नोय." म्हटलं, मग कोणाची? "तुमची. मामाच्या अन् तिच्या घराची भिंत एकच हाये, मी रोज ऐकतो ना. तिची चाल जमिनीवर बसते. तुमची खुर्चीत बसून राह्यली."

दिगंबर खो-खो हसला. क. खाली मान घालून. ना.ला वर्गाबाहेर काढलं. स्वतःची चाल एका ओळीवर अडून बसलीये आणि हा दुसऱ्याच्या चालीला जमीन-खुर्ची दाखवतो. हेवा, दुसरं काय. गरीब घरचा म्हणून मी फार लाडावलं त्याला.

३० नोव्हें., बुध.

तिन्ही चाली टपालात. ना.ची दोन ओळींचीच गेली. प्रत्येक चालीबरोबर छापील कागद: 'ही रचना सर्वस्वी विद्यार्थ्याची असून शिक्षकाने केवळ लेखन केले आहे.' खाली माझी सही. तीनदा. क.च्या कागदावर सही करताना जरा थांबलो. मग केली. चार मुक्काम काढले म्हणजे चाल माझी होत नाही. शिक्षक मग असतो कशाला?

१२ डिसें., सोम.

निवड झाली. क.ची!

वासुदेवराव कचेरीतून डोक्यावर टोपी न घालता पळत आले. चिखलीत त्यांना असं कोणी कधी पाहिलं नसेल. रस्त्यात कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, त्यांच्यामधून वाट काढत, हातात तार. जलशाच्या पत्रिकेत क.चं नाव छापणार म्हणे. "मास्तर, आमच्या घरात कोनाचं नाव छापून नाही आलं हो आजवर." आणि माझ्या पाया पडायला वाकले. वयाने दहा वर्षांनी मोठा माणूस. मी हात धरले, दोघंही अवघडलो. मग पेढे आले. आत्याबाईंनीच आणवले म्हणे.

क. दाराआडून ऐकत होती. म्हटलं, बाहेर ये की, आज तुझा दिवस. आली, पेढा घेतला, हातातच धरून उभी राहिली.

ना.ला म्हटलं, तुझी पुढच्या वर्षी. "हाव," म्हणाला.

२४ डिसें., शनि. मलकापूर स्टेशनवर

मोटारीने इथवर. क., वासुदेवराव, आत्याबाई, मी. हाडं खिळखिळी. मोताळ्याला मोटार थांबली, सगळे चहाला उतरले, क. उतरली नाही. बोलवायला जाणार तर आत्याबाईंनी अडवलं, "राहू द्या तिले." घाटात मोटार लागली असेल.

२५ डिसें., रवि. नागपूर

तालीम. चार व्हायोलिनं, दिलरुबे, सतारी, जलतरंग, क्लॅरिओनेट, दोन्ही अंगांना तंबोरे. स्वर असा भरून आला की आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. दादासाहेबांनी छडी थांबवून विचारलं, "काय मुली, ठीक ना?" क.ने मान हलवली. मी तिच्या मागे बसलो होतो. पूर्ण वेळ तिने मांडीवर एक बोट एकाच जागी दाबून धरलं होतं. नवीन लुगडं सांभाळत असेल असं आधी वाटलं, पण तसं नव्हतं.

२६ डिसें., सोम.

जलसा झाला. टाळ्या थांबेनात. चाल दुसऱ्यांदा वाजवावी लागली. क.ला रंगमंचावर बोलावलं, 'वऱ्हाडची कन्या' वगैरे भाषण झालं. वासुदेवराव पहिल्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते, मागचे लोक बसा बसा म्हणत होते.

नंतर दादासाहेबांनी मला बाजूला घेतलं. हळू आवाजात, "अठरा वर्षं वाट पाहिली तुमच्याकडून अशा चालीची. शेवटी दिलीत, तीही मुलीच्या नावावर. मी काही बोलणार नाही. पण हाताचं वळण ओळखू येतं मला."

तिथेच नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. म्हणजे, 'नाही' हा शब्द उच्चारला नाही. नुसता हसलो. आणि आतून इतका आनंद झाला.

२८ डिसें., बुध.

परतीची गाडी. वासुदेवराव आणि आत्याबाई समोर डुलक्या घेत होते. क.ला विचारलं, तुझी चाल एवढ्या वाद्यांवर ऐकून काय वाटलं?

तिने आधी वडील खरंच झोपलेत ना ते पाहिलं. मग म्हणाली, "मास्तर, वाजत होती तवा मी माझी शोधून राह्यली होती त्याच्यात. नाही सापडली."

कुठे चुकलं?

"तुमी सा थितं ठेवला."

मग कुठे होता? तिने खिडकीच्या चौकटीवर बोटांनी पट्ट्या मोजल्या. एक. दोन. तिसरीवर बोट ठेवलं आणि दाबून धरलं.

पांढरी तीन. माझा ग. ती जिथे जिथे थांबत होती तो तिचा सा होता. मी त्याला बिऱ्हाड म्हणालो आणि चारही ठिकाणांहून हाकलून दिला.

पुढे अकोला कधी गेलं कळलं नाही.

२९ डिसें., गुरु. चिखली

आल्या आल्या व्हायोलिन पांढरी तीनला लावलं. त्याच पट्ट्या, पण तिसरीला सा धरला की रे, ग, ध, नी चारही कोमल होतात. सकाळच्या उन्हासारखी वाजत होती ती चाल एकदम अंधारून आली. आणि शेवट? पांढरी एक म्हणजे आता कोमल ध. चाल सा वर येतच नाही. ध वर येऊन संपते. तिने मुद्दाम तशी बांधली होती आणि मी शेवटाला तान लावून तिला ओढत एका परक्या सा वर नेऊन बसवली.

शिकवलेला एकही गवई ही चूक करणार नाही असं कोणी म्हणेल. उलट आहे. शिकवलेलाच करेल. कानात तंबोरा इतका बसलेला की दुसरं घर असू शकतं हेच सुचत नाही. ना.ला सुचलं, त्याच्या कानात तंबोरा अजून बसलेला नाही.

माझ्या वहीतून वाजवून पाहिली. उभी राहत नाही. मुक्काम कुठे होते ते आठवतं, किती मात्रांचे होते ते लिहिलंच नाही. वहीत फक्त एवढंच: 'ग वर रेंगाळते. काढणे.' माझं सुंदर अक्षर.

३० डिसें., शुक्र.

क.कडे गेलो. वासुदेवराव कचेरीत. विचारलं, तेव्हाच का नाही बोललीस?

"तुमी विचारलं नाही, मास्तर. तुमी सांगितलं."

विचारलं होतं असं म्हणणार होतो. पण म्हटलं नाही.

मग विचारलं, सा वर का आणत नाहीस शेवटी? पेटीचा भाता बोटाने खालीवर करत म्हणाली, "आई बाळंतपणाले मोताळ्याले गेली होती, मामाकडे. थितूनच गेली. आली नाही. मंग चाल कशी येईन घरी?" आत्याबाई स्वयंपाकघरात भांडी आपटत होत्या, तेवढ्यापुरत्या थांबल्या.

म्हटलं, वाजव. जशी आहे तशी उतरवतो, एक मात्रा इकडची तिकडे करणार नाही. तिने हात ठेवले. पहिली ओळ सुरू झाली आणि थांबायच्या जागेवरून बोटं सरळ पुढे निघून गेली. माझ्यासारखी. पुन्हा केली. पुन्हा तेच. शेवटी माझी तानसुद्धा वाजली, स्वच्छ. सहा-सात वेळा झालं. मग तिने भाता बंद केला.

"मले आता तुमचीच ऐकू येते."

घरी कसा आलो सांगता येत नाही.

३१ डिसें., शनि.

काही नाही. वर्ग घेतला नाही.

२ जानेवारी १९३९, सोम.

ना.च्या मामाकडे जाऊन ना.ची माफी मागितली. तो इतका लाजला की मामांना वाटलं काहीतरी चोरी झाली. म्हटलं, भिंतीपलीकडून रोज ऐकायचास ना, आठवते का? "हाव, आठवते ना." बासरी काढली. पहिल्या दोन ओळी. तिच्याच! थांबणं तसंच, चढणं तसंच. मी ओरडलो, पुन्हा वाजव, लिहून घेतो.

पुन्हा वाजवली. वेगळी.

तिसऱ्यांदा आणखी वेगळी. यातली खरी कोणती रे? बिचारा रडकुंडीला आला. "मास्तर जी, तिन्हीबी तिच्यासारख्याच लागून राह्यल्या मले. म्या बदलली असन मंधात." त्याला कशाला बोल लावू. तो असाच आहे हे मला जुलैपासून माहीत होतं.

जाताना म्हणाला, "तिले लय खराब लागून राह्यलं, मास्तर. पेटीवर कापड टाकून ठेवलं तिनं."

४ जाने., बुध.

सोळा तारखेला क.ने नागपूरला हजर व्हायचं. वासुदेवरावांनी नवीन ट्रंक आणली, तिच्यावर रंगाने तिचं नाव घालून घेतलं. क. म्हणते जाणार नाही. का ते वडिलांना सांगत नाही. मी सांगितलं, बोलून टाक, माझं नाव घे. तर म्हणते, "मंग तुमची नोकरी जाईन. खोटी सही केली म्हनतीन."

पंधरा वर्षांची पोर मला पाठीशी घालते. तोंड लपवायला जागा उरली नाही.

दादासाहेबांना पत्र लिहायला बसलो. तीन कागद फाडले. कळवलं तर जागा जाईल, वर्ग बंद होईल, मी जाईन. माझं सोडा. पण वासुदेवराव? ती ट्रंक? आणि नाही कळवलं तर दोन वर्षं तिथे तिला म्हणत राहतील, तसलीच आणखी एक बांध. ती बांधेल. माझ्या चाली. आज्ञाधारक आहेच.

आणि या सगळ्यात एक नीच विचार मधूनमधून येतो, तोही लिहितो: ती चाल चांगली होती. टाळ्या खऱ्या होत्या. मला त्या परत द्यायच्या नाहीत.

६ जाने., शुक्र.

पत्र टाकलं. टपालपेटीच्या तोंडात हात जात असता तर परत काढून घेतलं असतं. लिहिलं ते असं: सा मी चुकवला. मुक्काम मी काढले. शेवटची तान माझी. कागदावरची सही खोटी. मुलीचा काडीचा दोष नाही, तिची जागा काढू नये, तिची खरी चाल ऐकून ठरवावं.

खरी चाल ऐकवणार कुठून, ते लिहिलं नाही. मला माहीत नाही.

तिथून तसाच कचेरीत. मधल्या सुट्टीत वासुदेवरावांना व्हरांड्यात गाठून सगळं सांगितलं. ते एका दप्तराची फीत बांधत होते. ऐकता ऐकता बांधली, सोडली, पुन्हा बांधली. शेवटी "साहेब बोलावून राह्यले," एवढंच म्हणाले आणि आत गेले. साहेब त्या दिवशी दौऱ्यावर होते, हे मला चपराशाने सांगितलं.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

७ जाने., शनि.

ना. आला, दि. आला. क. नाही. दि.ने नवीन कवायत ऐकवली. चांगली आहे, म्हटलं. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून बोललो, चालीकडे माझं लक्ष नव्हतं. हेही शिक्षकपण.

९ जाने., सोम.

नागपूरचं उत्तर नाही. आत्याबाई बाजारात दिसल्या, पदर घेऊन दुसरीकडे वळल्या. ना. म्हणतो भिंतीपलीकडे काही वाजत नाही, बोलणंही नाही. बाप-लेक एका पंगतीला बसून जेवतात आणि उठतात, बस.

झोप नाही. जेवण जात नाही. व्हायोलिन पेटीत. उद्या सगळं आवरून निघून जावं असं दिवसातून दहादा वाटतं. मग वाटतं, निघून गेलो तर तिची चाल शोधायला या गावात कोण उरेल? आणि राहिलो तरी मी काय शोधणार? माझ्याच कानाने तर घालवली.

११ जाने., बुध.

दुपारी वर्ग नव्हता. वर्गाच्या खोलीत नुसता बसलो होतो. वासुदेवराव अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले, मागे क. होती. ते टोपी काढून सतरंजीवर बसले. माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"मास्तर, खरं सांगतो. मले नागपूरची आवडली. तुमची. टाळ्या वाजोल्या म्या." टोपी मांडीवर ठेवली. "हिची मले सहन होत नव्हती. ही पेटीवर बसली का मी उठून बाहेर ओट्यावर जात होतो. हिले वाटे बाबाले आवडत नाही."

क. त्यांच्याकडे बघायला लागली.

"पण ओट्यावर ऐकू तं येतच होतं ना. रोज. संध्याकाळी कचेरीतून आलो का रोजच."

आणि गुणगुणायला लागले. त्यांना गाता येत नाही. स्वर इकडून तिकडे जात होते, घसा बसलेला, बाहेर इंजिन चालू. पण ओळखू आली. खालून चढली, थांबायच्या जागी पोचली, आणि ते घाईने पुढे निघाले.

"नाही बाबा," क. म्हणाली. "थांबा."

थांबले.

"अजून."

वासुदेवराव तोंड अर्धवट उघडं ठेवून, श्वास धरून बसले. क. वर्गातल्या पेटीजवळ सरकली, तिसरी पांढरी पट्टी दाबली आणि दाबून ठेवली. मी सवयीने पेन्सिल उचलली होती. खाली ठेवली.

मग तिने मान हलवली आणि ते पुढे गेले. एक ओळ. दुसरी त्यांना आठवेना. तिलाही नाही. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा तिची बोटं माझ्या वाटेने गेली आणि तिने रागाने पट्ट्यांवर हात आपटला. पहिल्यांदाच पाहिलं तिला रागावलेलं. वासुदेवराव म्हणाले, उद्या कचेरी सुटल्यावर पुन्हा येतो. नागपूरचं टपालही उद्याच्या मोटारीने.

निघताना ती पुन्हा पेटीशी वाकली, तीच पट्टी दाबली. मी विचारलं, "इथून पुढे कुठे जायचं, कमल?"

"मले माहीत नाही," म्हणाली. पट्टीवरचं बोट काही काढलं नाही.